विल्यम केरी : नित्याच्या कामातील ख्रिस्तसादृश्य

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपल्या मनाची एक फसगत होत असते. दुरून पाहणारास डोंगराचे शिखर तेवढे दिसते. पायथ्यापासून वर जाणारी पायवाट दिसत नाही. त्याचप्रमाणे थोरांची मोठी कृत्ये आपल्या डोळ्यांत भरतात, आणि ज्या साध्या सद्गुणांच्या बळावर ती घडली ते दृष्टीआड राहतात. मग आपणांस वाटू लागते की, ख्रिस्तासारखे होणे हे काही निवडक साधुसंतांचे काम आहे. शाळेचा धडा, दुकानाचा हिशेब, घरातील धुणेपाणी आणि आजाऱ्याची उठबस ह्यांत गुंतलेल्या सामान्य माणसांचे ते नव्हे. परंतु आपल्या प्रभूने आपल्या आयुष्याची बहुतेक वर्षे नासरेथ गावी एका सुताराच्या घरात घालविली, ही गोष्ट आपण विसरतो.

ह्या लेखात ज्यांची हकीकत सांगावयाची आहे, त्या डॉ. विल्यम केरी ह्यांचे नाव ऐकले की अनेक भाषांतील पवित्र शास्त्राची भाषांतरे, श्रीरामपूरचे महाविद्यालय आणि मोठा छापखाना आपणांस आठवतो. आज आपण त्या शिखराकडे थोडे कमी आणि पायवाटेकडे थोडे अधिक पाहू.

विल्यम केरी ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. वडील एडमंड केरी हे हातमागावर कापड विणीत असत; पुढे त्यांस गावच्या शाळेत पंतोजीची जागा मिळाली. घरची स्थिती बेताचीच. मुलास पक्षी, किडे, फुले आणि झाडे ह्यांचा मोठा नाद असे, आणि त्याची लहानशी खोली अशा वस्तूंनी भरलेली असे. एकदा पक्ष्याचे घरटे पाहण्यासाठी झाडावर चढता चढता तो खाली पडून बराच जायबंदी झाला. परंतु हिंडूफिरू लागताच त्याने पहिले काम केले ते हे की, त्याच झाडावर चढून ते घरटे गाठले, असे सांगतात. हाती घेतलेले काम टाकावयाचे नाही, ही त्याची खोड बाळपणापासूनची होती. तीच पुढे सद्गुण झाली.

उन्हाने अंगावर पुरळ येई, म्हणून शेतकाम त्यास सोसेना. तेव्हा चौदाव्या वर्षी बापाने त्यास पिडिंग्टन येथील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवार म्हणून ठेविले. येथेच त्याच्या आयुष्यातील एक फार लहान, परंतु फार महत्त्वाची गोष्ट घडली. विद्यार्थिमित्रांनो, ती आपण विशेष लक्षपूर्वक वाचावी.

नाताळच्या दिवसांत उमेदवार मुलांनी ओळखीच्या दुकानदारांकडे जावे व त्यांनी खुशालीदाखल काही नाणी त्यांच्या हातावर ठेवावी, अशी तिकडे चाल होती. एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने विल्यमपुढे दोन नाणी धरिली. एक सहा पेन्सचे आणि दुसरे एक शिलिंगाचे. विल्यमने अर्थातच शिलिंग उचलले. पुढे स्वतःसाठी काही जिन्नस घेताना त्यास कळले की ते शिलिंग खोटे आहे. त्याच्याजवळ धन्याचेही पैसे होते. त्यांतील एक खरे शिलिंग आपण ठेवावे आणि खोटे शिलिंग धन्याच्या पैशांत आले होते असे सांगावे, असा बेत त्याने केला. घरी परतताना वाटभर त्याच्या मनात झगडा चालू होता. आणि नवल असे की, एवढी एक लबाडी पचू दे, पुन्हा असे करणार नाही, अशी त्याने देवाचीच प्रार्थना केली! लबाडी पचली नाही. धन्यास संशय येऊन त्याने दुसऱ्या उमेदवारास त्या दुकानदाराकडे पाठविले, आणि सारा प्रकार उघडकीस आला. लाजेने त्या मुलास कित्येक दिवस रस्त्यावर तोंड दाखविणे कठीण झाले. प्रार्थनामंदिरात जाण्याचाही त्यास धीर होईना.

ही गोष्ट जगास ठाऊक झाली ती केरी ह्यांनी स्वतः पुढे लिहून ठेविली म्हणून. ज्या माणसाने पुढे हजारो रुपये हाताळले आणि त्यांतील कवडीचाही लोभ धरिला नाही, त्याच्या प्रामाणिकपणाचा पाया असा एका खोट्या शिलिंगावर घातला गेला. आपण चांगले आहोत ही त्याची समजूत त्या दिवशी मोडली, आणि तारणाऱ्याची आपणांस गरज आहे हे त्यास प्रथमच मनापासून कळले. ह्या कामी जॉन वॉर नावाच्या त्याच्या सोबतच्या उमेदवाराने त्यास फार साहाय्य केले. तो काही मोठा उपदेशक नव्हता. शेजारच्या बैठकीवर बसून जोडे शिवणारा तरुण होता. कामाच्या वेळी केलेल्या साध्या बोलण्यातून आणि उसन्या दिलेल्या पुस्तकांतून त्याने आपल्या सोबत्यास प्रभूकडे वळविले.

१७८१ साली केरी ह्यांचा विवाह डॉरथी प्लॅकेट हिच्याशी झाला. त्या वेळी तिला लिहिता येत नसल्यामुळे विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली केली. पहिले मूल, ॲन नावाची मुलगी, लहानपणीच तापाने दगावली. १७८३ साली केरी ह्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे मोल्टन गावी ते जोडे शिवीत, मुलांस शिकवीत आणि रविवारी उपदेश करीत. शिक्षक म्हणून ते फारसे कडक नव्हते. शाळा आपण चालवीत नसून मुलेच आपणांस चालवितात, असे ते पुढे विनोदाने सांगत. परंतु ज्या कारागिराच्या बैठकीजवळ नेहमी एक उघडे पुस्तक असे, त्याने हळूहळू लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच आणि डच ह्या भाषा आत्मसात केल्या. भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला जगाचा मोठा नकाशा लाविला होता. कॅप्टन कुक ह्यांच्या जलपर्यटनाची वर्णने वाचून जे जे कळे, ते ते त्यावर टिपून ठेवीत. मुलांस भूगोल शिकविताना ज्या देशांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही त्यांकडे त्यांचे बोट जाई, आणि शिकविता शिकविता त्यांचा कंठ दाटून येई.

ह्या तळमळीतून १७९२ साली त्यांनी सुवार्ताप्रसाराच्या कर्तव्याविषयी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे एका घरातील खोलीत थोड्या पाळकांनी मिळून मिशनरी संस्था स्थापन केली. त्या दिवशी कबूल झालेली वर्गणी १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स इतकी होती. केरी ह्यांनी स्वतः हिंदुस्थानात जाण्याचे पत्करले.

येथे सत्याला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉरथीबाईंना हा प्रवास नको होता. मुले लहान होती, आणि आणखी एक बाळ येण्याच्या बेतात होते. प्रथम त्यांनी साफ नकार दिला. पुढे निघण्यास अडचणी येऊन जहाजाचा योग लांबला, तेवढ्यात बाळंतपण झाले, आणि बहीण सोबत येत असेल तर आपणही येऊ असे त्यांनी शेवटच्या घटकेस कबूल केले. १३ जून १७९३ रोजी डॅनिश जहाजातून हे कुटुंब निघाले आणि ११ नोव्हेंबर रोजी कलकत्त्यास पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीचे मिशनऱ्यांविषयीचे धोरण प्रतिकूल होते. पैसा लवकरच संपला. कलकत्ता सोडून सुंदरबनाच्या कडेस, आणि तेथून उत्तर बंगालात मालद्याजवळ मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी, अशी त्यांची भटकंती झाली.

मुदनाबाटीची वर्षे बाहेरून पाहता निष्फळ होती. पगार सुरू होताच केरी ह्यांनी संस्थेस कळविले की, आता आपणांस मदतीची गरज नाही. तो पैसा दुसऱ्या एखाद्या ठिकाणच्या कामास लावावा. इतके करूनही, हा मनुष्य व्यापारात गुंतेल की काय अशी शंका विलायतेतील काही मंडळींस आली. दिवसा कारखान्याचे काम, सायंकाळी मजुरांशी व गावकऱ्यांशी संभाषण, रात्री बंगाली आणि संस्कृत ह्यांचा अभ्यास व नव्या कराराचे भाषांतर, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. एकही मनुष्य शिष्य होण्यास पुढे आला नाही.

१७९४ सालच्या पावसाळ्यानंतर त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने वारला. केरी स्वतः तापाने जर्जर झाले होते. प्रेतास हात लावण्याविषयीच्या रूढीमुळे खड्डा खणण्यास व पेटी उचलण्यास कोणी तयार होईना. मोठ्या मिनतवारीने शेवटी माणसे मिळाली. परक्या मुलखात, ओसाड जागी, आपल्या लाडक्या बाळास मातीआड करून डॉरथीबाई घरी परतल्या. त्या आघातातून त्या सावरल्या नाहीत. पुढील वर्षापासून त्यांच्या बुद्धीस भ्रम झाला. पतीविषयी नाना प्रकारचे संशय त्यांच्या मनात घर करून बसले. त्या सर्वांदेखत त्यांस दूषणे देत, आणि कित्येकदा त्यांच्या अंगावरही धावून जात. मृत्यूपर्यंत, म्हणजे १८०७ सालच्या डिसेंबरपर्यंत, बारा वर्षे हे दुःख त्या घरात राहिले.

केरी ह्यांच्या सहनशीलतेची खरी शाळा ती हीच. वेड्यांच्या इस्पितळात पत्नीस पाठवावे असा सल्ला त्यांस मिळाला होता. त्या काळी अशा ठिकाणी रोग्यांची फार हेळसांड होई, म्हणून त्यांनी तो मानला नाही. त्यांनी तिला घरीच ठेविले. शेजारच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू येत असता ते भाषांतराचे पान पुरे करीत. स्वतःच्या पत्नीची निंदा त्यांनी कधी केली नाही.

तथापि आज हे चरित्र वाचताना आपण आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. डॉरथीबाईंनी जे सोसले त्याचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडला गेला नाही. एका माणसाच्या उत्साहाचे ओझे घरातील दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर पडते, आणि पुष्कळदा ते त्याच्या ताकदीबाहेरचे असते. केरी ह्यांच्या मुलांचीही हीच अवस्था झाली. आई आजारी, बाप कामात बुडालेला. मुले मोकाट होऊ लागली. ह्या गोष्टीकडे बापाचे जितके लक्ष असावयास पाहिजे होते तितके नव्हते. त्यांस वळण लाविले ते पुढे श्रीरामपुरात हॅना मार्शमनबाईंनी. परक्याची मुले आपली मानून, शाळेचा सारा व्याप सांभाळून, त्या माउलीने त्यांस माया दिली. केरी ह्यांचे मोठेपण सांगताना ह्या दोन स्त्रियांस विसरणे हा अन्याय होईल. प्रभूचे अनुकरण करावयाचे ते केवळ दूरच्या लोकांसाठी नव्हे. आपल्या चुलीजवळ जे बसले आहेत त्यांच्यापासून त्याचा आरंभ होतो.

१० जानेवारी १८०० रोजी केरी हे हुगळी नदीच्या काठावरील श्रीरामपूर येथे राहावयास गेले. हे महाराष्ट्रातील श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या उत्तरेस असलेले हे गाव त्या वेळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते, म्हणून तेथे मिशनऱ्यांस आश्रय मिळाला. जोशुआ मार्शमन हे शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हे मुद्रक येथे त्यांचे सहकारी झाले. ह्या तिघांच्या कुटुंबांनी एकत्र राहण्याचा जो नियम घालून घेतला तो मनन करण्यासारखा आहे. सर्वांची पंगत एक; सर्वांची मिळकत एका पेटीत; घराचा कारभार आळीपाळीने प्रत्येकाकडे. शनिवारी सायंकाळी सर्व मंडळी एकत्र जमत, आठवड्यात कोणाचे कोणाशी काही वाकडे आले असेल तर ते मोकळेपणाने बोलून टाकीत, आणि एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन पुन्हा देत. रविवारची उपासना मनात अढी ठेवून करावयाची नाही, हा त्यातील हेतू. स्वभावाने भिन्न असे हे तिघे पुरुष वीस वर्षांहून अधिक काळ एकजुटीने राहिले, त्याचे रहस्य पुष्कळ अंशी ह्या शनिवारच्या सायंकाळात आहे.

२८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा हुगळीच्या पात्रात झाला. त्याचा खांदा निखळला होता, तो केरी ह्यांचे सहकारी डॉक्टर टॉमस ह्यांनी बसविला. त्या निमित्ताने त्याचे मिशनरी मंडळीकडे येणे झाले. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यास सात वर्षे लोटल्यावर आलेले हे पहिले फळ. त्या आनंदाच्या दिवशीही डॉरथीबाई घरात कोंडलेल्या होत्या. केरी ह्यांच्या आयुष्यात आनंद आणि दुःख असे एकाच दिवशी, एकाच अंगणात येत.

१८०१ साली बंगाली नवा करार छापून पुरा झाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी ह्यांची बंगाली भाषेचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढे संस्कृत आणि मराठी ह्या भाषाही त्यांच्याकडे आल्या. आरंभीचा पगार दरमहा ५०० रुपये होता, पुढे तो वाढला. परंतु खर्चापुरती अल्प रक्कम वगळून तो सारा त्या सामाईक पेटीत जाई. ज्याने एका शिलिंगासाठी खोटे बोलण्याचा बेत केला होता, तोच हा मनुष्य.

आपणां मराठी भाषिकांवर तर केरी ह्यांचे विशेष ऋण आहे. ज्या महाराष्ट्रात त्यांनी कधी पाऊल ठेविले नाही, तेथील भाषेचे व्याकरण त्यांनी १८०५ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश मोडी टाइपांत छापला. आणि १८११ साली मराठी नवा करार छापून बाहेर पडला. मराठीच्या छपाईच्या इतिहासात हे ग्रंथ अगदी आरंभीचे होत. ह्या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांस मोठे साहाय्य होते. श्रीरामपूरच्या त्या मराठीत पुष्कळ उणिवा होत्या, आणि पुढे पश्चिम हिंदुस्थानातील मंडळींस भाषांतर नव्याने करावे लागले. परंतु पुढच्यांस वाट सोपी व्हावी म्हणून जो पहिल्याने काटे तुडवितो, त्याच्या पायांस काटे लागावयाचेच. आपल्या भाषांतरांत चुका आहेत हे केरी स्वतः जाणून होते. म्हणून बंगाली भाषांतर ते मरेपर्यंत पुन्हा पुन्हा सुधारीत राहिले.

मान वाढला तरी मनाचा नम्रपणा गेला नाही, ह्याविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. गव्हर्नर जनरलसाहेबांकडील मेजवानीत एका मोठ्या अधिकाऱ्याने, केरी ह्यांस ऐकू जाईल अशा बेताने, हे गृहस्थ पूर्वी जोडे तयार करणारे होते ना, असे शेजाऱ्यास खोचकपणे विचारले. केरी ह्यांनी वळून शांतपणे खुलासा केला की, तसे नव्हे. आपण नवे जोडे करणारे नव्हतो, फाटके जोडे नीट करणारे होतो. अपमान करणारास ज्या पायरीवर त्यांस उतरवावयाचे होते, तिच्याही खालच्या पायरीवर ते आपण होऊन जाऊन बसले. मग अपमानास जागाच उरली नाही.

त्यांच्या चिकाटीची सर्वांत मोठी परीक्षा ११ मार्च १८१२ रोजी झाली. त्या सायंकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. केरी त्या वेळी कलकत्त्यास होते. रात्रभर आग धुमसत राहिली, आणि इमारतीचे छप्पर कोसळले. चौदा पौर्वात्य भाषांचे टाइप, कागदाचे मोठे साठे आणि अनेक हस्तलिखिते जळून गेली. सुमारे १०,००० पौंडांचे नुकसान झाले असा अंदाज करण्यात आला. परंतु पैशाने भरून न येणारे नुकसान हस्तलिखितांचे होते. अनेक भाषांचा तुलनात्मक कोश, व्याकरणे, भाषांतरांचे भाग, अशी केरी ह्यांची कित्येक वर्षांची रात्रंदिवसाची मेहनत एका रात्रीत राख झाली. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीपुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी मार्शमन ह्यांनी कलकत्त्यास जाऊन त्यांस वर्तमान सांगितले. श्रीरामपुरास परतून त्या राखेतून फिरताना केरी ह्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या श्रमांवर आपण फाजील भरवसा तर ठेविला नव्हता ना, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. दुसऱ्यांदा चालावयाची वाट पहिल्यापेक्षा अधिक ओळखीची असते, असे म्हणून ते पुन्हा पहिल्या पानापासून कामास बसले. मुद्रणयंत्रे बचावली होती, आणि अक्षरे पाडण्याचे ठसेही राखेत शाबूत सापडले. वितळलेले शिसे गोळा करून वॉर्ड ह्यांनी टाइप पाडण्याचे काम लगोलग सुरू केले. विलायतेत वार्ता पोहोचताच थोड्याच आठवड्यांत नुकसानीइतका पैसा जमला. मात्र सर्वच काही परत मिळाले नाही. तो तुलनात्मक कोश पुन्हा कधीच पुरा झाला नाही. श्रद्धावंताचे नुकसान होत नाही असे नव्हे. नुकसान होऊनही तो दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर येऊन बसतो, एवढाच फरक.

अशाच एका दिवसाची हकीकत सांगण्यासारखी आहे. १७९९ साली केरी ह्यांनी नदीकाठी एका स्त्रीस सती जाताना पाहिले होते आणि तळमळून विरोध केला होता. त्याचा उपयोग झाला नाही. पुढे कित्येक वर्षे त्यांनी ह्या चालीविरुद्ध माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्ज केले. राजा राममोहन राय ह्यांच्यासारख्या देशी पुढाऱ्यांनीही ह्या कामी मोठी खटपट केली. अखेर ४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड बेंटिंक ह्यांनी सतीबंदीचा कायदा मंजूर केला, आणि त्याचे बंगाली भाषांतर करण्यासाठी तो कागद केरी ह्यांच्याकडे आला. तो रविवार होता. उपदेशास जाण्याची त्यांची वेळ झाली होती. परंतु एका तासाचा विलंब म्हणजे कदाचित एका विधवेचा प्राण, हे ओळखून त्यांनी त्या दिवशीचा उपदेश दुसऱ्याकडे सोपविला. आपल्या पंडितास घेऊन ते बसले, आणि सायंकाळपर्यंत भाषांतर पुरे करून दिले. शब्बाथ दिवशी बरे करावे की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या प्रभूपासून शिकलेले होते.

काम हे त्यांचे जीवन होते, तसा बाग हा त्यांचा विसावा होता. श्रीरामपूर येथे त्यांनी झाडांचा मोठा संग्रह केला होता, आणि १८२० साली शेती व बागाईत ह्यांच्या सुधारणेसाठी एक संस्थाही स्थापन केली. १८२३ साली होडीतून उतरताना पाय घसरून त्यांच्या मांडीस जबर इजा झाली, आणि त्याच सुमारास आलेल्या महापुराने घर आणि बाग दोहोंचा नाश केला. बरे वाटताच त्यांनी ती बाग पुन्हा लाविली. शेवटच्या आजारात चाकांच्या खुर्चीतून त्यांस बागेत फिरवीत. आपण गेल्यावर मार्शमनसाहेब गुरांस बागेत शिरू देतील, ही त्या वृद्धाची शेवटची काळजी होती!

मृत्यूपूर्वी काही काळ अलेक्झांडर डफ हे तरुण मिशनरी त्यांच्या भेटीस आले होते. त्यांनी केरी ह्यांच्या कार्याची बरीच स्तुती केली. निघतेवेळी म्हाताऱ्याने त्यांस परत बोलावून क्षीण स्वरात विनविले की, माझ्यामागे डॉ. केरी ह्यांच्याविषयी बोलत बसू नका, डॉ. केरी ह्यांच्या तारणाऱ्याविषयी बोला. ९ जून १८३४ रोजी, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. आपल्या थडग्यावर नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखांखेरीज, प्रभूच्या कृपेवर विसंबणाऱ्या पापी माणसाचे शब्द ज्यांत आहेत अशा एका स्तोत्राच्या दोन ओळी तेवढ्या असाव्या, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते.

आपले चरित्र कोणी लिहिलेच, तर त्याने आपणांस कोणते श्रेय द्यावे, हेही त्यांनी एकदा आपल्या पुतण्यास सांगितले होते. मी बुद्धिमान होतो असे नव्हे. ठरविलेल्या कामात पाऊल पाऊल पुढे टाकीत राहणे एवढेच मला साधले, असा त्या सांगण्याचा भावार्थ होता. जोडे शिवणारास हे सहज समजण्यासारखे आहे. जोडा एका टाक्याने तयार होत नाही, आणि एक टाका कच्चा राहिला तर पाणी तेथूनच आत शिरते.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकी बहुतेकांस दूर देशी जावे लागणार नाही, आणि अनेक भाषांचे कोशही रचावे लागणार नाहीत. परंतु खोटे शिलिंग तुमच्या हातात नक्की येईल. कधी ते परीक्षेच्या खोलीत येईल, कधी दुकानदाराने चुकून अधिक दिलेल्या पैशांच्या रूपाने येईल. जळालेले हस्तलिखितही तुमच्या वाट्यास येईल. वर्षभर अभ्यास करून पदरी अपयश पडेल, त्या दिवशी दुसऱ्या सकाळी पुस्तक उघडून बसणे हीच तुमची चिकाटी. घरात कोणी चिडखोर आजारी माणूस असेल, तर त्याच्या बोलण्यास उलट उत्तर न देता पाण्याचा पेला पुढे करणे हीच तुमची सहनशीलता.

आणि पालकांस एवढीच नम्र विनंती की, मुलांस थोरांची चरित्रे जरूर सांगावी, परंतु त्यांसोबत शनिवारची ती सायंकाळही घरात आणावी. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावे, चुकले असेल ते वडीलधाऱ्यांनीही मुलांदेखत कबूल करावे, आणि क्षमा मागून क्षमा करून मग झोपी जावे. ज्या घरात हा परिपाठ आहे, तेथील मुलांस ख्रिस्ताचे गुण पुस्तकात शोधावे लागत नाहीत. ते त्यांस रोज आपल्या घरातच दिसतात.